पाठमोरा पंच

आजवर कोणालाच न सांगितलेली गोष्ट अशी आहे: माझं लग्न एका खोट्या ओरडण्यामुळे जमलं. ओरडलो मीच. शब्द एकच होता, "फुटली!" आणि ज्यांच्या कानाशी ओरडलो ते आज माझे सासरे आहेत. बायकोला हे ठाऊक नाही. मामाला ठाऊक नव्हतं, आणि तो आता राहिला नाही. मी मुळात कमी बोलणारा. घरच्यांना वाटतं, याच्याजवळ सांगण्यासारखं काही नसेल म्हणून हा गप्प राहतो. तसं नाही. एक गोष्ट होती, ती दाराशीच ठाण मांडून बसली होती. बाकीच्यांना बाहेर पडायला वाट कुठून मिळणार?

नावं कोणाचीच लिहीत नाही. घोडीचंसुद्धा नाही. तिची तर यात काडीची चूक नव्हती.

मी मामाकडे वाढलो. मामाचे काटोलच्या बाजूला संत्र्याचे बगीचे होते आणि राहायला रामदासपेठेत बंगला. दारात मोटार उभी असायची. पण मोटार कामाची, शौक बग्गीचा. स्टेशनवर टांगे होते, पण ते पोटासाठी धावत. मामाची बग्गी नुसती हौस होती. दोन उंच चाकं, काळं चकचकीत पॉलिश, पितळी दिवे आणि पाठीला पाठ लागेल अशा दोन बैठका. पुढच्या बैठकीवर चालवणारा, मागच्या बैठकीवर बसणाऱ्याचं तोंड मागच्या रस्त्याकडे. मामी म्हणायची, "मोटारीत बसून हा माणूस सगळीकडे जाते, अन् घोड्यामागं बसून कुठीच जात नाही." ते खरं होतं. थंडीतल्या दर रविवारी सकाळी बग्गी काटोल नाक्यापासून निघायची, गोरेवाड्याच्या बाजूला एक मोठी चिंच होती तिथपर्यंत जायची आणि घरी यायची.

एकट्यानं जाण्यात मजा नाही, म्हणून सिव्हिल लाइन्समधले एक वकीलसाहेब होते. मामाचे लहानपणचे दोस्त. त्यांच्याकडेही तशीच बग्गी, आणि तिला एक तपकिरी घोडी, मागचे दोन्ही पाय पांढरे. मामाचा घोडा धिप्पाड आणि खादाड. संत्र्याच्या साली दिसल्या की शर्यत विसरायचा. वकीलसाहेब म्हणायचे, "शेठ, तुमच्या घोड्याले चाबूक नाही, फळवाला पायजे पुढं बसवाले."

शर्यत होती दुडकीची. म्हणजे घोड्यानं फक्त दुडक्या चालीनं पळायचं. कानाला दोन ठोके ऐकू येतात: टप-टप, टप-टप. घोडं चेकाळून चौखूर सुटलं की ठोके तीन होतात: टपडक, टपडक. याला ते दोघं "चाल फुटली" म्हणत. चाल फुटली की शिक्षा ठरलेली. तिथल्या तिथे गाडी थांबवायची, भर रस्त्यात तिचा एक पूर्ण गोल फिरवायचा आणि मग पुढे जायचं. तोवर दुसरा चिंचेखाली पोचून विडी पेटवायचा.

आता चाल फुटली हे ठरवणार कोण? त्यासाठी पंच. प्रत्येकानं आपला माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसवायचा, मागच्या बैठकीवर. पंचाला घोडा दिसत नाही, पुढे कोण गेलं तेही दिसत नाही. मग पक्षपात करणार कशाच्या जोरावर? कामाला फक्त कान. ही युक्ती वकीलसाहेबांची. "साक्षीदाराले जितकं कमी दिसते तितका तो खरा बोलते," असं ते सांगत, आणि आयुष्य कोर्टात गेलेला माणूस सांगतो म्हणून सगळे मान डोलावत. पंचाचा शब्द अखेरचा. चालवणाऱ्यानं मागे वळून पाहायचं नाही, हुज्जत घालायची नाही. फक्त एकदा "नक्की?" विचारायची मुभा होती. पंचानं "नक्की" म्हटलं की विषय संपला.

कॉलेज संपवून मी मामाच्या व्यापारात नुकताच शिरलो होतो. वकीलसाहेबांच्या गाडीत पंच म्हणून मामानं मला बसवलं. "हा पोट्टा जेवताना मीठ मागत नाही," तो म्हणाला. "हा कायले फुकटचा ओरडते?"

आणि हरणाऱ्याचा दंड? पैसा नाही. दोघांकडे तो होता, म्हणून त्यात गंमत नव्हती. हरणाऱ्यानं त्याच संध्याकाळी जिंकणाऱ्याच्या बग्गीत मागच्या बैठकीवर बसायचं आणि सीताबर्डीच्या भर बाजारातून पाठमोरं हिंडायचं. त्या हिवाळ्यात मामाच हिंडत होता. बर्डीवरचा पानवाला त्याला दर रविवारी विचारायचा, "काय शेठ, आजही उलटेच?" मामा फेटा सारखा करून म्हणायचा, "अरे, मागून कोण उधारीवाला येऊन राहिला का ते पाहतो."

राहिली एक व्यक्ती. वकीलसाहेबांची मुलगी. एम.ए. करत होती. तिला बग्गीत बसायचं होतं. वडील म्हणाले, "शर्यतीत वजन नको." ती म्हणाली, "मंग मी माझ्या वजनानं येते." आणि दर रविवारी सायकलनं मागे येऊ लागली. हँडलला चहाची ॲल्युमिनियमची किटली टांगलेली, कॅरिअरवर कपांची पिशवी. चिंचेखाली पोचल्यावर चहा तिच्याकडून.

तुम्हीच विचार करा. पंचाचं तोंड मागे. मागे रस्ता. रस्त्यावर तेवढ्या सकाळी दुसरं कोणी नाही, एखादा दूधवाला आणि लांब मागे पडलेला मामा सोडून. मी पाहणार कुठे? नियमानंच मला तिच्यासमोर बसवलं होतं. अख्खा हिवाळा मी तिला पाहत होतो आणि कान घोडीला दिले आहेत असा चेहरा करून बसत होतो. एकदा चहा देताना ती म्हणाली, "तुमी इतके काहून गंभीर राहता? घोडी कीर्तन करून राहिली का?"

मी म्हणालो, "ठोके मोजतो."

"माझ्या सायकलचे पण मोजता का?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा एका घोटात संपवला आणि जीभ भाजून घेतली.

तर तो दिवस. मोसमातली शेवटची शर्यत. धुकं होतं, थंडी बोचत होती. घोडी त्या दिवशी अशी सुरेख चालत होती की बैठकीवर धक्कासुद्धा जाणवत नव्हता. मामा मागे पडला होता. त्याचं हाकारणं धुक्यातून येत होतं. गाडी वेगात, म्हणून तीही जोरात पेडल मारत होती. एरवी ती किटलीला टॉवेल गुंडाळायची, चहा गरम राहावा म्हणून. त्या दिवशी तो टॉवेल सुटला आणि रस्त्यावर पडला. तिनं वळून पाहिलं, थांबावं की नाही असा क्षणभर विचार केला, मग वेणीचं टोक दातात धरलं, दोन्ही हातांनी हँडल दाबलं आणि हसत सुटली आमच्या मागे.

मी तिथंच संपलो. कान, डोळे, पंचगिरी, सगळंच.

आणि त्याच क्षणी ऐकू आलं: टपडक. टपडक. टपडक. स्वच्छ तीन ठोके. पंच दचकून जागा झाला आणि हिवाळाभर न ओरडलेला मी असा ओरडलो की बाभळीवरचे बगळे उडाले. "फुटली!"

वकीलसाहेबांनी लगाम ओढला. घोडी उभी राहिली. त्यांनी मागे पाहिलं नाही, नियमच होता तो. त्यांची पाठ माझ्या पाठीला लागलेली होती. ती ताठ झालेली मला कोटातून जाणवली.

"नक्की?"

घोडी उभी होती. बिलकुल उभी. आणि टपडक, टपडक चालूच होतं. ते जवळ येत होतं. किटली हँडलवर आपटत होती, झाकण उडत होतं, झाकण पडत होतं. तीन आवाज. मुलीनं ब्रेक दाबला, पाय टेकला. आवाज बंद.

मला कळलं. अगदी सगळं कळलं. आणि मी म्हणालो, "नक्की."

का म्हणालो, याची बरीच सुंदर कारणं मी इतक्या वर्षांत तयार केली आहेत. मामा एकदाही जिंकला नव्हता, हे एक. पंचानं शब्द फिरवला तर सगळ्या शर्यतींवर शंका येईल, हे दुसरं. हे मला फार आवडायचं, कारण त्यात मी तत्त्वाचा माणूस ठरत होतो. खरं कारण साधं होतं. "किटली होती" असं म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न वकिलाचा आला असता: कान घोडीकडे असलेल्या माणसाला किटली ऐकू आलीच कशी? आणि किटलीच्या वर कोण होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

वकीलसाहेबांनी भर रस्त्यात गाडीचा पूर्ण गोल फिरवला, इतका नेटका की कंपासनं काढावा. त्या गोलात मामा बाजूनं निघून गेला, आणि जाताना त्यानं जी आरोळी मारली ती त्याच्या लग्नातही मारली नसेल.

चिंचेखाली मामा नाचत होता. वकीलसाहेब चहा घेत होते आणि स्वतःचे तळहात पाहत होते. मामाला म्हणाले, "शेठ, मले लगामात काहीच समजलं नाही. एवढा मोठा फरक, अन् हाताले पत्ता नाही."

"होते वकील, होते कधी कधी," मामा म्हणाला. "माझा तर घोडा मले विचारल्याबिगर जेवतेसुद्धा."

परत येताना रस्त्यात टॉवेल दिसला. मी उतरलो, उचलला, झटकून तिला दिला. खटल्यातला एकुलता एक पुरावा मी स्वतःच्या हातानं परत केला. "थँक यू," ती म्हणाली, आणि तो पुन्हा किटलीला गुंडाळला.

संध्याकाळी वकीलसाहेब ठरल्याप्रमाणे मामाच्या बग्गीत पाठमोरे बसले. काळा कोट, हॅट, हातात काठी. मामा पुढे छाती काढून. बर्डीवर लोक दुकानातून बाहेर आले. पानवाल्यानं हात जोडले, "वकीलसाहेब, तुमी?" ते म्हणाले, "हो बापा. इतके दिवस येणारं नागपूर पाहत होतो, आज जाणारं पाहून राहिलो. बरं दिसते." सगळे हसले. मीही हसलो, त्यातल्या त्यात जोरात.

पुढच्या रविवारी मामा मला घेऊन नुसता फेरफटका मारायला म्हणून नाक्यावर गेला. ते आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तर घोडीला एक माणूस बाहेर काढत होता. नरखेडच्या एका बागाईतदाराला त्यांनी ती देऊन टाकली होती. मामा पायरीवरच थबकला.

"काहून, वकील?"

"ज्या हाताले घोड्याचा पाय समजत नाही, त्या हातात गाडी नको, शेठ. उद्या कोणाच्या लेकराच्या अंगावर जाईल."

"अरे एकदा झालं!"

"एकदाच होते. मंग दुसऱ्यांदा कोणी सांगाले राहत नाही."

वाटेत मामानं लगाम सैल सोडला. मग म्हणाला, "भाच्या, मी त्याले हरवाले निघालो होतो गा, घरी बसवाले नाही." आणि थोड्या वेळानं, घोड्याच्या कानांकडे पाहत: "फुटली होती न?"

"हो," मी म्हणालो.

मामानं मग बग्गी तशीच ठेवून दिली. एकट्यानं चिंचेपर्यंत जाण्यात मजा नव्हती, हे वर सांगितलंच. त्याचा घोडा आणखी जाड झाला.

उन्हाळ्यात वकीलसाहेब आमच्याकडे आले, कडक इस्त्रीत, आणि मामाजवळ माझी मागणी घातली. मुलीच्या वडिलांनी काय म्हणावं? "माझ्या गाडीत बसून, माझ्या कानात, मले नको असलेलं खरं सांगणारा हा एकच माणूस भेटला. पोरगी अशाच घरी द्यावी." मामा गदगदला. मामीनं डोळे पुसले. मी आतल्या खोलीत उभा होतो आणि मला वाटलं, आता जाऊन सांगावं. मग वाटलं, लग्नानंतर सांगू. हे असंच वाटत राहिलं. मुलगी विचारत होती, "अजी, होकार देता का अजून ठोके मोजता?" होकार दिला. संसार चांगला झाला, हेच तर अवघड आहे. वाईट झाला असता तर कधीच बोलून मोकळा झालो असतो.

सासरे पुढे मोटारीच्या चाकामागेही बसले नाहीत. मोटार विकली. कोर्टात सायकलरिक्षानं जाऊ लागले. घरी दाढी स्वतः करायचे, ती न्हाव्याकडे गेली. आमची मुलगी झाली तेव्हा दाईनं बाळ पुढे केलं, तर म्हणाले, "थांबा, आधी गादीवर टेकू द्या, मंग मांडीवर ठेवा. हाताचा भरवसा नाही." खोलीतले सगळे हसले, आजोबा विनोदी म्हणून. मी बाळाकडे पाहत राहिलो. दर दिवाळीला फराळाच्या ताटावर एखाद्या नव्या पाहुण्याला ते गोष्ट सांगतात आणि शेवटी माझ्या खांद्यावर थाप मारतात, "जावईबापू होते म्हणून वेळेवर समजलं!" माझ्या तोंडात चकली असते. मी ती फार वेळ चावतो.

किटली आमच्याकडे आहे. बायकोनं माहेरून आणली. फार वाजते. मी दोनदा नवी आणली. ती म्हणते, जुनी चांगली आहे.

गेल्या महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं, धरमपेठेत. हल्ली वरातीला बग्गी भाड्यानं आणतात. विजेचे दिवे, गाद्या, जरीची झूल, सगळा थाट. नवरदेव यायचा होता. गाडीवाला उतरून पाणी प्यायला गेला. मुलांनी आग्रह केला, आजोबांना गाडीत बसवा, फोटो काढू. सासऱ्यांना धरून पुढच्याच बैठकीवर बसवलं. मी शेजारी चढलो. लगाम कठड्याला नुसता अडकवून ठेवला होता.

तेवढ्यात बँडवाल्यानं जवळच ढोल ठोकला. घोडा उसळला. पुढे बायका उभ्या होत्या, मुलं होती. गाडी हिसका बसून दोन हात सरकली. मी कठडा पकडला. एवढंच मी केलं.

सासऱ्यांनी लगाम केव्हा उचलला ते मला दिसलंही नाही. पाहतो तर तो त्यांच्या बोटांत होता, ढिला, जणू दोरा धरावा तसा. ओढला नाही. तोंडानं काहीतरी पुटपुटले, डावं मनगट किंचित फिरवलं. घोड्याचे कान मागे आले, मान खाली आली. तो उभा राहिला. बँड वाजतच होता. पुढच्या बायकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना कळलंच नव्हतं.

मग त्यांना आपल्या हातात काय आहे ते दिसलं. चटका बसावा तसा त्यांनी लगाम सोडला, परत कठड्याला अडकवला, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस माझ्याकडे शाळेतल्या पोरासारखा पाहायला लागला.

"कोणी पाह्यलं तर नाही न?"

"नाही," मी म्हणालो.

"माफ करा, जावईबापू. जुनी सवय. तुमच्यासमोर तरी मी असं कराले नाही पायजे."

माझ्यासमोर तरी! मी त्यांना हात देऊन खाली उतरवलं. उतरताना ते माझ्या हातावर सगळा भार टाकून होते, कारण स्वतःच्या हातांवर त्यांचा भरवसा नव्हता. मी म्हणालो, "सावकाश, बाबा." बायकोनं विचारलं, "तुमी इतके पांढरे काहून पडले?" मी म्हणालो, बँडचा आवाज फार होता.

ते इथेच राहतात, सायकलरिक्षानं दहा मिनिटं लागतात. कान चांगले आहेत. रविवारी सकाळी घरीच असतात. म्हणजे अडचण कसलीच नाही.

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं, असं नाही. मी त्यांना एक गोष्ट देणं लागतो. समोर बसून, तोंडाकडे तोंड करून मला त्यांना सांगायचं आहे: घोडीची चाल फुटली नव्हती, किटली वाजत होती, आणि तुमच्या हातांना बरोबर कळत होतं. ते देणं अजून दिलेलं नाही.